कळंब्याच्या गृहप्रकल्पातली बाग: आडोसा झकास, चिंच वाचली, आंबे खचले

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेला कळंब्याच्या बाजूला, महापालिका हद्दीत, १.१ हेक्टर उसाच्या जमिनीवर चार इमारती आणि बारा रो-हाउस उभी राहिली आहेत. जुन्या झाडांचं जतन, नवी बाग आणि हद्दीलगतचा आडोसा ही तिन्ही कामं एकाच लँडस्केप ठेकेदाराकडे होती. प्रकल्पाचं आणि ठेकेदाराचं नाव इथे देत नाही. जे लिहितोय ते कोल्हापुरातल्या कुठल्याही नव्या सोसायटीला उपयोगी पडावं म्हणून. पाहणी दोनदा केली, लावणीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आणि पुढचा उन्हाळा सरताना.

गुण द्यायचे तर आडोशाला पाचपैकी साडेचार, चिंचेजवळच्या रस्त्याला पाच, आंब्यांना एक. ठेकेदार तोच, मुकादम तोच, गडीही तेच. तरी एवढा फरक पडला, कारण चिंचेच्या वेळी त्यांना रस्ता आखायच्या आधी बोलावलं होतं आणि आंब्यांकडे नेलं तेव्हा तिथे मुरूम पडून वर्ष झालं होतं.

कोल्हापूरच्या आसपास बिगरशेती होणारी जमीन बहुतेक उसाचीच. तिथली मोठी झाडं बांधावर, विहिरीच्या काठाला, पाटाच्या कडेला असतात. इथेही विहिरीजवळ चिंच, मधल्या बांधावर तीन रायवळ आंबे आणि खालच्या ओघळीत एक उंबर होता. उसाला बारा महिने पाणी असतं आणि बांधावरचं झाड आयुष्यभर त्याच पाण्यावर मुळं पसरून बसलेलं असतं. शेवटचा ऊस तुटतो, मोटर बंद होते आणि झाडाचं पाणी एका दिवसात तुटतं. जेसीबी यायच्या आधीचा तो उन्हाळाच झाडाला पहिला दणका देतो, आणि पुढे झाड वाळलं की लोक बांधकामाला किंवा किडीला दोष देतात. म्हणून जमीन ताब्यात आल्यावरचं पहिलं काम पाणी. चिंचेला फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत दर पंधरा दिवसांनी ५,००० लिटरचा एक टँकर दिला, तोही बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली काढलेल्या उथळ चरीत, सावकाश. माती ३० ते ४५ सेंटिमीटर खोल ओली झाली पाहिजे. नुसतं वरचं ओलं करून भागत नाही. लोखंडी सळई हाताने दाबून बघायची: ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडी लागली की अडते. टँकरवाल्यासमोर ही तपासणी करण्याची या मुकादमाची पद्धत आवडली.

झाडाभोवती किती जागा सोडायची याचं गणित साधं आहे. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर बुंध्याचा व्यास मोजायचा आणि त्याची बारापट घ्यायची. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात खोदाई, भराव, वाहन, माल काही नको. व्यास मोजायला अवघड म्हणून घेर मोजला तर त्याच्या ३.८ पट. चिंचेचा घेर ३.१ मीटर, म्हणजे त्रिज्या जवळपास ११.८ मीटर. आंब्यांचे घेर १.८ ते २.१ मीटर, म्हणजे ७ ते ८ मीटर. हा आकडा ऐकला की साइटवरचा माणूस हसतो, कारण सोटमूळ खाली सरळ गेलंय अशी त्याची समजूत असते. मोठ्या झाडाची खाणारी-पिणारी मुळं बहुतांश वरच्या ६० सेंटिमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर गेलेली असतात. त्यांच्यावर काँक्रीटचा ट्रान्झिट मिक्सर दोन-चार वेळा फिरला तरी माती विटेसारखी घट्ट बसते. हवा जात नाही, पाणी मुरत नाही. झाड त्या वर्षी हिरवंच दिसतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेंड्याकडून वाळायला लागतं आणि तोवर बिल चुकतं झालेलं असतं.

चिंच आणि तिच्या मुळांवरून गेलेला रस्ता

आत येण्याचा रस्ता चिंचेच्या बुंध्यापासून पाच मीटरवरून जाणं भाग होतं. विहीर एका बाजूला, हद्द दुसऱ्या बाजूला. नेहमीच्या पद्धतीने ४५ सेंटिमीटर खोदून सोलिंग केलं असतं तर त्या बाजूची निम्मी मुळं गेली असती. इथे खोदलंच नाही. गवत हाताने काढलं, खड्डे हलक्या हाताने पोयट्याने भरले. त्यावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कापड, अंथरलं, मग १५० मिलिमीटर उंचीचं जिओसेल, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची घरं, ताणून खिळ्यांनी बसवलं. त्या घरांत २० ते ४० मिलिमीटरची धुतलेली खडी भरली. भरताना डंपर उलट्या दिशेने, आधी भरलेल्या खडीवर उभा राहून पुढे ओततो. मोकळ्या मातीवर चाक टेकत नाही. वर पुन्हा कापड, ५० मिलिमीटर बारीक खडी आणि ८० मिलिमीटरचे पाणी झिरपणारे पेव्हर.

या कामात सगळा जीव खडीत असतो. डस्ट, म्हणजे दगडाची बारीक पूड, असलेली खडी आली की घरं बुजतात, पाणी आणि हवा दोन्ही थांबतात आणि केलेला खर्च वाया जातो. पहिला डंपर डस्टमिश्रित आला होता तो ठेकेदाराने परत पाठवला. याला आमच्या लेखी फार किंमत आहे, कारण परत पाठवलेल्या डंपरच्या दिवसाची मजुरी त्यांच्याच अंगावर पडते. रस्ता त्या पट्ट्यात २८ सेंटिमीटर उंच झालाय, दोन्हीकडे उतार दिलेत. कडेला काँक्रीटचा कर्ब टाकण्यासाठी चर खोदावी लागते, म्हणून कर्बऐवजी पिना ठोकून बसवलेले लोखंडी अँगल आहेत. अग्निशमनाची जड गाडी इकडून येत नाही, तिला दुसरं गेट आहे. ते नसतं तर जिओसेलची उंची आणि थर वेगळा धरावा लागला असता, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद हवा.

कुंपणही नीट होतं. नुसती लाल-पांढरी पट्टी बांधली की दुसऱ्या दिवशी तिच्या आत सिमेंटची पोती रचलेली सापडतात. इथे पत्र्याचं दोन मीटर उंच कुंपण खांब रोवून उभं केलं होतं, दार न ठेवता. मिक्सर धुण्याची जागा उताराच्या खालच्या अंगाला ठेवली. हे फार महत्त्वाचं, कारण सिमेंटचं पाणी अल्कधर्मी असतं आणि उताराने मुळांकडे गेलं तर तिथली माती वर्षानुवर्षं बिघडते.

आणि एवढं सगळं सांभाळून विजेच्या ठेकेदाराने एका सकाळी केबलसाठी चिंचेच्या दक्षिणेला चार मीटरवरून जेसीबीने चर मारली. लँडस्केपवाल्यांचा माणूस त्या दिवशी साइटवर नव्हता. मनगटाएवढी दोन मुळं आणि अंगठ्याएवढी बरीच मुळं उपटली गेली. कापली नाहीत, उपटली. बकेटने ओढलेलं मूळ आतपर्यंत चिरतं, साल सोलवटते आणि त्या चिरेतून बुरशी बुंध्याकडे चालत जाते. दुपारी येऊन त्यांनी योग्य तेच केलं: चिरलेला भाग संपेपर्यंत मागे जाऊन धारदार करवतीने सरळ काप घेतला, टोकांवर ओलं बारदान टाकलं आणि चर त्याच संध्याकाळी बुजवली. मुळांना रंग किंवा डांबर लावलं नाही, तेही बरोबरच. पण चर तिथून जायलाच नको होती. दोन मार्ग होते: ९० सेंटिमीटरच्या खालून आडवं बोअर मारून एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचा, पाइप घालायचा, किंवा हाताने उकरून मुळांच्या खालून केबल ओवायची. दुसऱ्याला चार गड्यांचा एक दिवस लागला असता. केबल, ड्रेनेज, पाणी, सीसीटीव्ही या चारही ठेकेदारांच्या नकाशांवर झाडाचं वर्तुळ लाल शाईने छापलेलं नसेल तर पत्र्याचं कुंपणही उपयोगाचं नाही. ते तात्पुरतं उघडलं जातंच.

ट्रकला अडते म्हणून एक खालची फांदी काढली. तीन कापांची पद्धत वापरली: आधी बुंध्यापासून ३० सेंटिमीटरवर खालून अर्धा काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून, आणि फांदीचं ओझं उतरल्यावर राहिलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर वळ्याच्या बाहेरून. वळी शाबूत आहे, वर्षभरात कडेने नवी साल गोल येताना स्पष्ट दिसते.

आंबे

मधल्या बांधाची पातळी पार्किंगपेक्षा ७० सेंटिमीटर खाली होती. बिल्डरच्या माणसांनी लेव्हल करताना तिन्ही आंब्यांभोवती मुरूम भरला, दाबला आणि वर छान दगडी पार बांधला. पार बांधणाऱ्याचा हेतू चांगला होता यात शंका नाही. वड-पिंपळाचे पार आपण गावोगाव पाहतो, आणि वड-पिंपळ ते सोसतात, कारण ती झाडं बुंध्यातून, फांद्यांतून नवी मुळं काढू शकतात; जुने पार कोरड्या दगडाचेही असत, फटींतून हवा जात असे. आंब्याला ते जमत नाही. बुंधा खाली रुंद होत मुळांत उतरतो त्या जागेवर माती चढली की साल सतत ओली राहते, कुजते, आणि खालच्या मुळांचा श्वास कोंडतो.

ओळखायची खूण सोपी आहे. झाड जमिनीला टेकताना तळाशी पसरट दिसलं पाहिजे. खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं दिसलं की भराव झालाय असं समजा. या तिन्ही आंब्यांचे बुंधे खांबासारखे आहेत. पहिल्या पाहणीत पालवी विरळ होती आणि पानं लहान. दुसऱ्या पाहणीत दोन झाडांचे शेंडे वाळलेले, आणि त्यातल्या एकाच्या बुंध्यावर छिद्रं, खाली भुसा. खोडकिडा. किड्यावर औषध मारून झाड वाचेल असं सांगणारे खूप भेटतील, पण हा किडा खचलेल्या झाडावरच जास्त करून बसतो; भराव तसाच ठेवून औषध मारण्यात पैसा जातो. छिद्रातली अळी तारेने काढून औषधाचा बोळा घालायचा, चिखलाने बंद करायचं, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र, लोखंडी भांडं नको), आणि त्याबरोबर मुरूम काढायचा.

करायला हवं होतं ते असं: मूळ पातळी तशीच ठेवून, बुंध्यापासून जमेल तितक्या लांब कोरड्या दगडाची गोल भिंत बांधायची आणि बाहेरचा भराव तिच्याशी थांबवायचा, म्हणजे झाड खोलगट आळ्यात उभं राहतं. आळ्यातलं पावसाचं पाणी बाहेर काढायला ११० मिलिमीटरचा एक पाइप. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये हा पाइप विसरला तर आळ्याचं तळं होतं, म्हणून तो आधी घालायचा आणि भिंत नंतर रचायची. खर्च पारापेक्षा फार वेगळा नाही.

लँडस्केप ठेकेदाराचा दोष इथे असा की भराव त्यांनी केला नसला तरी पाहिला होता, आणि लेखी हरकत न देता पाराभोवती लॉन लावून मोकळे झाले. लॉनला रोज स्प्रिंकलर, म्हणजे आधीच ओल्या सालीवर आणखी पाणी. एक गुण तर याच्यासाठीच कापला.

परवानगी आणि बदली झाडं

महापालिका हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा लागू आहे, परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावावी लागतात. इथे नऊ झाडांना परवानगी मिळाली, वयांची बेरीज १४०. ती १४० रोपं १,१०० चौरस मीटरच्या मोकळ्या जागेत लावली आहेत. भागाकार करा: एका रोपाला आठ चौरस मीटरही येत नाहीत, म्हणजे अंतर तीन मीटरच्या आत. त्यात अर्जुन, जांभूळ, करंज अशी मोठी होणारी झाडं आहेत. दहा वर्षांत निम्मी काढावी लागतील, आणि तेव्हा पुन्हा परवानगी. यातली मोठी वाढणारी झाडं दुसऱ्या योग्य जागी लावण्याची मागणी अर्जातच करायला हवी होती.

उंबर मात्र छान हलवला. वड, पिंपळ, उंबर ही कुळी स्थलांतर सोसते. आंबा, चिंच, फणस मोठ्या वयात सोसत नाहीत. मुळांचा गोळा बुंध्याच्या व्यासाच्या दहापट धरला, दोन महिने आधी निम्म्या घेरात चर मारून मुळं कापून ठेवली, उरलेली हलवताना. पहिल्या पावसानंतर हलवला आणि आता खालच्या ओघळीच्या दुसऱ्या टोकाला, पाणी साचतं त्याच प्रकारच्या जागेत, जोमात फुटलाय.

आडोसा

आता खरी तारीफ. उत्तरेच्या हद्दीपलीकडे नऊ मीटरवर तळमजला अधिक तीन अशी इमारत आहे आणि तिची सगळी बाल्कनी या रो-हाउसच्या अंगणाकडे बघते. कंपाऊंड वॉल भरीव दीड मीटर, वर ९० सेंटिमीटर जाळी, एकूण २.४ मीटर, नियमात त्याहून वर जाता येत नाही. बाकीचा आडोसा झाडानेच करायचा.

किती उंच झाड लागेल हे अंदाजाने न ठरवता ठेकेदाराने चार मीटरच्या बांबूला दर अर्ध्या मीटरवर रंगीत चिंध्या बांधल्या, एक माणूस तो बांबू हद्दीच्या ओळीत धरून उभा, एक अंगणात खुर्चीवर बसलेला आणि एक समोरच्या इमारतीच्या बाल्कनीत, शेजाऱ्यांची परवानगी घेऊन. कुठल्या चिंधीआड खुर्चीतलं डोकं जातं ते बघायचं. कागदावरही तेच उत्तर येतं. समोर दुसऱ्या मजल्यावर उभ्या माणसाची नजर साधारण ८.१ मीटरवर. खुर्चीतलं डोकं १.२ मीटरवर आणि कुंपणापासून तीन मीटर आत. मग झाडांच्या कुंपणाची उंची २.९ मीटर पुरते. तिसऱ्या मजल्यावरून नजर ११.१ मीटर, तेव्हा ३.७ मीटर लागते. पण खुर्ची कुंपणाच्या जवळ, दीड मीटरवर सरकवली तर तिसऱ्या मजल्यासाठीही २.६ मीटर पुरते! बसायची जागा दीड मीटर सरकवली की कुंपणाची एक मीटरहून जास्त उंची वाचते, म्हणजे दोन वर्षांची वाढ. रो-हाउसवाल्यांना हे दाखवून बाकड्यांची जागा आधी पक्की केली गेली.

पहिल्या मजल्याच्या बेडरूमसाठी गणित वेगळं. बेडरूम कुंपणापासून साडेचार मीटर आत, बसलेल्या माणसाचं डोकं ४.८ मीटरवर, समोरची नजर ८.१ मीटर: म्हणजे ५.९ मीटर उंचीचा पडदा हवा. तिथे माणगा बांबू लावलाय. कोकणात आणि घाटाच्या अलीकडेही ओळखीचा, भरीव, बिनकाट्याचा, बेट करून राहणारा. दोन मीटरवर एक बेट, भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून दोन मीटर लांब, टाकीच्या बाजूने ६० सेंटिमीटर खोल एचडीपीईची आडभिंत, तिचा काठ मातीच्या पाच सेंटिमीटर वर. तिसऱ्या वर्षापासून नवे कोंब पूर्ण उंचीचे येतील. बांबूचं पान वर्षभर गळतं आणि पावसाळी गटाराच्या जाळ्या बुजवतं. मे महिन्यात त्या एकदा साफ करणं देखभालीत धरलेलं नाही, ते धरून घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांना जमिनीवरून आडोसा होत नाही. तिथे बाल्कनीच्या कुंडीतून खाली लोंबणारी पडदा वेल, म्हणजे व्हर्नोनिया, हाच उपाय, आणि तो सुचवलाही होता.

झाडांचं मुख्य कुंपण १८० मीटर लांब. पहिल्या कोटेशनमध्ये कोनोकार्पस होता. स्वस्त, दीड वर्षात भिंतीवर जातो, म्हणून सगळीकडे लावतात. त्याची मुळं ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइन शोधत जातात, परागकणांच्या त्रासाबद्दल तक्रारी आहेत, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. हरकत घेतल्यावर ठेकेदाराने बदल मान्य केला. आता ७५ सेंटिमीटर अंतरावर, तिरक्या दोन ओळींत कुंती आणि अडुळसा, एकूण ४८० रोपं, आणि मागे दर तीन मीटरला एक पुत्रंजीव. अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत, रस्त्याकडच्या बाजूला हे कामाचं आहे. पुत्रंजीव सावकाश वाढतो पण खालपासून वरपर्यंत गच्च राहतो. तोवर जाळीला आतून ७५ टक्क्यांची शेडनेट बांधली आहे. शेडनेट वळवाच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते, म्हणून दर मीटरला बांधणी आणि मध्ये वारा जायला झडपा सोडल्यात. प्लास्टिकची हिरवी पानं लावलेल्या जाळ्यांचा पर्याय कुणी सुचवला तर नको म्हणा. दोन उन्हाळ्यांत निळसर पडतात आणि धूळ धरतात.

कुंपण खालून उघडं पडतं याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं. ताबा द्यायच्या दिवशी उंच दिसावं म्हणून शेंडे राखतात. इथे रोपं लावल्यावर ४५ सेंटिमीटरवर खुडली, पुन्हा ७५ वर खुडली. सुरुवातीला लोक तक्रार करत होते की पैसे देऊन ठेंगणी झाडं लावली. दुसऱ्या पाहणीत जमिनीपासून एक मीटरपर्यंत पलीकडचं काही दिसत नव्हतं. छाटणी खाली रुंद, वर थोडी निमुळती. उलट झाली की खालच्या पानांवर सावली पडून ती गळतात.

अर्धा गुण कापला तो पिशव्यांसाठी. दहा ठिकाणी उकरून पाहिलं, दोन ठिकाणी काळ्या पिशवीचा तळ तसाच होता. नर्सरीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं पिशवीत गोल फिरतात; पिशवी पूर्ण काढून गोळ्याला तीन-चार उभे काप द्यायचे, नाहीतर पाच वर्षांनी तेच मूळ बुंध्याला फास देतं. लावणीच्या वेळी रिकाम्या पिशव्या मोजून घ्या. ४८० रोपं, ४८० पिशव्या.

मुरमाच्या बाजूचे खड्डे हा वेगळा मुद्दा. मुरमात किंवा कातळात एक मीटर खड्डा काढून चांगली माती भरली की त्याचा माठ होतो. आधी खड्ड्यात पाणी भरून बघायचं. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरलं तर तळाशी पहारेने भोक किंवा बाहेर जाणारी चर हवी. पश्चिमेच्या कोपऱ्यात ही तपासणी झाली नाही आणि सात बकुळी पहिल्याच पावसाळ्यात पिवळ्या पडून गेल्या. बदलून दिल्या, पण खड्डे तेच ठेवले होते. दुसऱ्यांदा सांगितल्यावर चर काढली.

पार्किंगच्या स्लॅबवरची बाग ठीक. ४५ सेंटिमीटर माती, भिजल्यावर चौरस मीटरला ८०० किलोच्या आसपास भार, तो डिझाइनमध्ये धरलेला होता. चाफे आणि झुडपं निवडली हे योग्य. पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाशी तपासणीचा चेंबर नाही, गाळ बसल्यावर फरशी फोडावी लागेल. डी इमारतीच्या बेडरूमखाली दोन सप्तपर्णी आहेत. ऑक्टोबरात रात्री त्यांचा उग्र वास खिडकीत येतो, लहान आहेत तोवर मोकळ्या जागेत हलवा. चिंचेखालचं लॉन टिकणार नाही, टिकवूही नका.

लॉनऐवजी तिथे उसाचं पाचट टाका. कोल्हापुरात यापेक्षा स्वस्त आणि चांगलं आच्छादन मिळत नाही. सात ते दहा सेंटिमीटरचा थर, बुंध्यापासून १५ सेंटिमीटर मोकळं, आणि वाळवी दिसली तर थर पातळ करून निंबोळी पेंड. साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला मळ, तोही चालतो, पण कुजलेलाच. ताजा प्रेसमड खड्ड्यात तापतो आणि मुळं भाजतात. हातात घेतल्यावर कोमट लागला किंवा आंबूस वास आला तर परत पाठवा.

लावणीची वेळ हा या शहरातला जुना घोळ. ताबा पाडव्याला द्यायचा असतो, म्हणून मार्चमध्ये सगळी झाडं लावतात आणि लगेच होरपळतात. या ठेकेदाराने पाडव्याला फक्त लॉन आणि कुंड्या दाखवल्या, झाडं आणि कुंपण मृगाच्या पावसाने माती आतपर्यंत भिजल्यावर, जूनच्या उत्तरार्धात लावली. उंच रोपांना तीन काठ्यांचा आधार, बांधणी उंचीच्या एक तृतीयांशावर आणि सैल, म्हणजे खोड वाऱ्यात थोडं हलतं आणि जाड होतं. वर्षाने काठ्या काढायच्या. दहा-बारा झाडांच्या दोऱ्या सालीत रुतायला लागल्या होत्या, त्या पाहणीनंतर कापल्या गेल्या.

करारात देखभाल बारा महिन्यांची आणि १० टक्के रक्कम राखून ठेवलेली आहे. जूनमध्ये लावलेल्या झाडाला बारा महिन्यांत एकच उन्हाळा मिळतो. पुढच्या करारात ५ टक्के पहिल्या उन्हाळ्यानंतर आणि ५ टक्के दुसऱ्यानंतर असं लिहून घ्या, आणि जुन्या झाडांसाठी मुदत तीन वर्षं. ठेकेदाराला साइटवर पहिलं जेसीबी येण्याआधी नेमा, केवळ पाहणी आणि कुंपणापुरतं का होईना. तेवढ्या कामाचं वेगळं कोटेशन हे लोक देतात.

दोन आंब्यांबद्दल फार आशा धरता येत नाही. तिसऱ्याचा, सी इमारतीजवळच्याचा, शेंडा अजून हिरवा आहे आणि साल कोरड्या जागी घट्ट आहे. त्याचा पार उतरवून मुरूम हाताने, खुरप्याने आणि फावड्याने, बुंध्यापासून बाहेरच्या दिशेने काढायचा; जेसीबी नको. मूळ पातळी लागली की काळी माती दिसते आणि बुंधा रुंदावतो, तिथे थांबायचं, लॉनचा स्प्रिंकलर बंद करायचा आणि पाचट पसरायचं. चार गड्यांचं तीन दिवसांचं काम आहे आणि ते वळीव पडायच्या आधी उरकायला हवं.